एकाच घराचे दोन वारस : यहुदी आणि ख्रिस्ती धर्मांचं नातं

यहुद्यांचा धर्मग्रंथ आणि ख्रिस्ती बायबलमधला 'जुना करार' शेजारी ठेवा आणि दोन्हींचं शेवटचं पान उघडा. आतला मजकूर बहुतांशी तोच आहे. तोच अब्राहाम, तोच मोशे, दावीद राजाची तीच स्तोत्रं. शेवट मात्र निराळा. यहुदी ग्रंथ संपतो तो इराणचा सम्राट कोरेश याच्या फर्मानावर. यरुशलेमचं मंदिर पुन्हा बांधायचं आहे, तेव्हा देवाच्या लोकांपैकी ज्याला जायचं असेल त्यानं तिकडे जावं, असं ते फर्मान सांगतं. जुना करार संपतो तो मलाखी संदेष्ट्याच्या वचनावर : परमेश्वराचा भयंकर दिवस येण्यापूर्वी मी एलीया संदेष्ट्याला तुमच्याकडे पाठवीन. पान उलटलं की बायबलचा पुढचा भाग, 'नवा करार', आणि त्यातलं पहिलं पुस्तक, मत्तयाचं शुभवर्तमान म्हणजे येशूचं चरित्र, सुरू होतं. थोडं पुढे गेलं की बाप्तिस्मा देणारा योहान येतो आणि येणारा एलीया तो हाच, असं येशूच सांगतो.

शब्द तेच, बदलला आहे तो पुस्तकांचा क्रम. एका मांडणीत गोष्ट वाचकाला घरी, यरुशलेमला परत नेते. दुसऱ्या मांडणीत तीच गोष्ट कुणाची तरी वाट पाहत थांबते आणि पुढच्या पानावर तो माणूस भेटतो. दोन धर्मांमध्ये नेमकं काय झालं, हे मला या दोन शेवटच्या पानांइतकं स्पष्ट दुसरीकडे कुठेच दिसलं नाही.

नावांपासून सुरुवात करू. 'जुना करार' हे नाव ख्रिस्ती आहे. यहुदी माणूस आपल्या ग्रंथाला जुना म्हणत नाही, कारण देवानं इस्राएलशी, म्हणजे यहुदी लोकांशी, केलेला तो करार त्याच्या लेखी आजही चालू आहे. तो म्हणतो 'तनाख'. तोरा म्हणजे मोशेची पाच पुस्तकं, नविईम म्हणजे संदेष्टे, केतुविम म्हणजे इतर लेखन. या तिघांच्या आद्याक्षरांतून हा शब्द झाला. गंमत अशी, की 'नवा करार' हा शब्दप्रयोगही तनाखमधलाच आहे. यिर्मया संदेष्टा म्हणतो की देव इस्राएलशी नवा करार करील आणि आपलं नियमशास्त्र त्यांच्या हृदयावर लिहील. यहुदी वाचकाला यात जुन्याच कराराची आतून झालेली उजळणी दिसते. ख्रिस्ती वाचकाला त्यात येशू दिसतो.

मराठीत हा ख्रिस्ती दृष्टिकोन फार लवकर आला. फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात रायतूर इथे छापलं गेलं. ओवीबद्ध अशा या ग्रंथाचे दोन भाग आहेत, पहिलं पुराण आणि दुसरं पुराण. पहिल्यात आदाम-एवेपासूनची सगळी कथा येते, पण ती तारणाऱ्याच्या येण्याची तयारी म्हणून सांगितली जाते. यहुद्यांचा संपूर्ण ग्रंथ इथे एका मोठ्या कथेचा पूर्वार्ध होतो.

आता नात्याविषयी. यहुदी धर्म ही आई आणि ख्रिस्ती धर्म ही लेक, असं बरेचदा सांगितलं जातं. ते ऐकायला बरं वाटतं, पण त्यानं दिशाभूल होते. आज आपण ज्याला यहुदी धर्म म्हणतो, रब्बी म्हणजे धर्मगुरू, सिनेगॉग म्हणजे प्रार्थनास्थळ आणि तालमूद हा धर्मचर्चांचा ग्रंथ असलेला, तो येशूच्या काळात या रूपात नव्हता. त्या काळी यरुशलेममध्ये मंदिर होतं, तिथे रोज पशुबळी दिले जात, पुरोहितांचा वर्ग होता. त्या एका जुन्या घरातून दोन वारस निघाले आणि साधारण एकाच सुमारास आपापल्या पायांवर उभे राहिले. पुढे जे झालं त्याला आपल्याकडे चपखल शब्द आहे : भाऊबंदकी. वाद होता वडिलोपार्जित ठेव्याचा, म्हणजे ग्रंथाचा, देवाच्या वचनांचा आणि 'इस्राएल' या नावाचा.

मंदिर उभं होतं तेव्हा

येशू यहुदी होता. हे वाक्य साधं आहे, पण शतकानुशतकं ते विसरलं गेलं म्हणून पुन्हा लिहावं लागतं. त्याची आई यहुदी. आठव्या दिवशी त्याची सुंता झाली, असं लूक सांगतो. शब्बाथ म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी तो नासरेथच्या सभास्थानात जाऊन यशयाचं पुस्तक वाचतो. सर्वांत मोठी आज्ञा कोणती, असं विचारल्यावर तो जे उत्तर देतो ते यहुदी लोक आजही सकाळ-संध्याकाळ म्हणतात : "हे इस्राएला, ऐक, परमेश्वर आपला देव, परमेश्वर एकच आहे." हाच तो शमा. पहिल्या तीन शुभवर्तमानांनुसार त्याचं शेवटचं भोजनही वल्हांडणाचं, म्हणजे मिसर देशातल्या गुलामीतून सुटल्याच्या सणाचं होतं.

तेव्हा यहुद्यांमध्ये एकमत होतं असं अजिबात नाही. सदूकी हा मंदिराभोवतीचा वरचा वर्ग, त्यांना मृतांचं पुनरुत्थान मान्य नव्हतं. परूशी ते मानत, आणि धर्म रोजच्या घरगुती जगण्यात कसा पाळायचा यावर त्यांचा भर होता. काहींना मंदिरच भ्रष्ट झालंय असं वाटे. मृत समुद्राकाठी कुमरान इथे १९४७ पासून सापडत गेलेल्या गुंडाळ्यांमधून असा एक गट आपल्याशी थेट बोलतो. येशूची चळवळ या गर्दीतलीच एक.

मराठी प्रवचनांत 'परूशी' हा शब्द ढोंगी या अर्थानं रुळला आहे, आणि मला हे खटकतं. येशूच्या थोडा आधी होऊन गेलेला हिल्लेल हा त्याच परंपरेतला थोर गुरू. एका पायावर उभं राहीपर्यंत सगळी तोरा शिकव, असं एका परक्या माणसानं त्याला म्हटलं. हिल्लेल म्हणाला, जे तुला नकोसं वाटतं ते दुसऱ्याच्या वाट्याला आणू नकोस. हीच सगळी तोरा, बाकीचं भाष्य, जा आणि ते शीक. येशूचे परूशांशी झालेले वाद कडक आहेत, पण ते घरातले वाद आहेत. माणूस सगळ्यांत कडाडून भांडतो ते जवळच्यांशीच.

येशूला क्रुसावर रोमनांनी मारलं. क्रूस ही रोमन शिक्षा होती आणि ती देणारा पंतय पिलात हा रोमचा सुभेदार होता. साल साधारण इ.स. ३०. मंदिराच्या काही पुढाऱ्यांचा त्यात हात असल्याचं शुभवर्तमानं सांगतात. पण 'यहुद्यांनी येशूला मारलं' हे वाक्य पुढच्या काळात एका सबंध समाजावर, त्याच्या न जन्मलेल्या पिढ्यांवर लादलं गेलं. शुभवर्तमानं लिहिली गेली तेव्हा दोन भावांमधलं भांडण रंगात आलेलं होतं आणि त्याची धग त्यांच्या भाषेत उतरली, हे ध्यानात ठेवून ती वाचावी लागतात.

पौलाचं उलटं कलम

पुढची मोठी व्यक्ती पौल. तार्सस गावचा, परूशी, गमलिएल या नामवंत गुरूचा शिष्य. आधी येशूच्या अनुयायांचा छळ करणारा आणि मग त्यांचा सगळ्यांत धडाडीचा प्रचारक. पौलानं यहुदी धर्म सोडून नवा धर्म काढला, असा समज आहे. त्याच्या पत्रांत प्रश्न वेगळाच दिसतो : येशूला मानणारे जे यहुदी नाहीत, ग्रीक आहेत, सीरियाचे आहेत, त्यांनी आधी यहुदी व्हायचं का? सुंता करायची का? खाण्यापिण्याचे नियम पाळायचे का?

इ.स. ४९ च्या आसपास यरुशलेममध्ये यावर बैठक झाली. ठरलं ते असं, की परक्यांवर सुंतेची सक्ती नको; मूर्तींना वाहिलेलं अन्न, रक्त, गळा दाबून मारलेल्या जनावराचं मांस आणि व्यभिचार टाळावा म्हणजे झालं. त्या बैठकीतले सगळे पुढारी यहुदी होते. आपण दार किती उघडतो आहोत याची त्यांना कल्पना नसावी. पुढच्या काही पिढ्यांत त्या दारातून इतके परके आत आले की घरात जुनी माणसं अल्पसंख्य झाली.

रोमकरांना लिहिलेल्या पत्रात पौल एक दृष्टांत देतो, आणि तो कोकणातल्या माणसाला चटकन उमगेल. इस्राएल म्हणजे जैतुनाचं लागवडीचं झाड, आणि परके लोक म्हणजे रानजैतुनाची फांदी, तिचं कलम या झाडावर केलं आहे. आता आंब्याचं कलम आठवा. खुंट रायवळ असतो आणि त्यावर हापूसची काडी बांधतात. कुणी शहाणा माणूस हापूसच्या झाडावर रायवळ फांदी बांधणार नाही. पौलाचं कलम नेमकं असं उलटं आहे, आणि हे निसर्गाविरुद्ध आहे असं तो स्वतःच म्हणतो. मग त्या रानफांदीला बजावतो, फुशारकी मारू नकोस; तू मुळाला धरून ठेवलेलं नाहीस, मुळानं तुला धरून ठेवलं आहे. ख्रिस्ती जगानं पौलाचं हे वाक्य जपलं असतं, तर पुढचा इतिहास कितीतरी कमी रक्तरंजित झाला असता असं मला मनापासून वाटतं.

एका उद्ध्वस्त मंदिराला दोन उत्तरं

इ.स. ७० मध्ये रोमन सेनापती तीत यानं यरुशलेम जिंकलं आणि मंदिर जाळून टाकलं. मंदिरातला सात फांद्यांचा दीप रोमन सैनिक मिरवत नेत आहेत, हे दृश्य रोममधल्या तीताच्या कमानीवर आजही कोरलेलं दिसतं. मंदिरच गेलं तर बळी कुठे द्यायचा? पापाचं प्रायश्चित्त कसं घ्यायचं? देवाला भेटायचं कुठे?

योहानान बेन जक्काई हे परूशी परंपरेतले गुरू. वेढा पडलेल्या शहरातून शिष्यांनी त्यांना शवपेटीतून बाहेर काढलं, अशी आख्यायिका आहे. याव्ने गावी त्यांनी अभ्यासकेंद्र उभं केलं. एकदा ते एका शिष्याबरोबर मंदिराच्या अवशेषांजवळून चालले होते. शिष्य कळवळून म्हणाला, जिथे आमच्या पापांचं प्रायश्चित्त होत असे ती जागाच ओसाड पडली. योहानान म्हणाले, बाळा, दुःख करू नकोस, आपल्याकडे तितक्याच तोलाचं दुसरं प्रायश्चित्त आहे, दयेची कृत्यं. आणि त्यांनी होशेय संदेष्ट्याचं वचन सांगितलं : मला यज्ञ नको, दया हवी.

आता मत्तयाचं शुभवर्तमान उघडा. येशू जकातदारांबरोबर जेवायला बसलाय म्हणून परूशी नाक मुरडतात. येशू त्यांना सांगतो, जा, याचा अर्थ शिका : मला दया हवी, यज्ञ नको. होशेयाचं तेच वचन!

इथून वाटा वेगळ्या होतात. रब्बींनी मंदिराचं पावित्र्य घरात आणलं. जेवणाचं टेबल ही वेदी झाली, प्रार्थना हा बळी झाला आणि ग्रंथाचा अभ्यास ही उपासना. इ.स. २०० च्या सुमारास मिश्ना, म्हणजे रब्बींच्या तोंडी नियमांचा संग्रह, संकलित झाली आणि तिच्यावरच्या चर्चांमधून पुढे तालमूद वाढत गेला. ख्रिस्ती लोकांनी म्हटलं, शेवटचा आणि पूर्ण बळी क्रुसावर दिला गेला आहे, आता मंदिराची गरज उरली नाही. एकाच पोरकेपणातून आलेली ही दोन उत्तरं आहेत.

फरक कुठे आहे

'ख्रिस्त' हा शब्द 'मशीहा' या हिब्रू शब्दाचा ग्रीक अनुवाद, अर्थ अभिषिक्त. मशीहा येणार हे दोघांनाही मान्य. मतभेद त्याच्या खुणांवर आहे. यहुद्यांची कसोटी जगाकडे पाहून लावायची आहे. यशया म्हणतो, तलवारींचे फाळ होतील, राष्ट्र राष्ट्रावर शस्त्र उचलणार नाही. विखुरलेले लोक परत येतील. हे झालं नाही, युद्धं चालूच आहेत, म्हणजे मशीहा अजून यायचा आहे. यात येशूविषयी द्वेष असतोच असं नाही. ख्रिस्ती उत्तर असं, की तो दोनदा येणार. पहिल्यांदा दुःख सोसायला आला, दुसऱ्यांदा राज्य करायला येईल. यशयाच्याच त्रेपन्नाव्या अध्यायात एक दुःख सोसणारा सेवक आहे. ख्रिस्ती वाचक म्हणतो हा येशू, बरेच यहुदी भाष्यकार म्हणतात हा सबंध इस्राएल समाज.

काही वाद तर भाषांतरातून आले. यशयाच्या सातव्या अध्यायात मूल होणाऱ्या स्त्रीसाठी हिब्रूत 'अल्मा' शब्द आहे, म्हणजे तरुणी. ख्रिस्तपूर्व काळात यहुद्यांनीच केलेल्या ग्रीक भाषांतरात तिथे 'पार्थेनोस' शब्द आला, म्हणजे कुमारी. मत्तयानं ग्रीक वाचलं आणि त्यात मरीयेचा पुत्र पाहिला. पुढे कितीतरी शतकं दोन्हीकडचे पंडित या एका शब्दावर झगडत राहिले.

देवाच्या स्वरूपाबद्दलचा फरक थोडक्यात सांगता येतो, पण तो सगळ्यांत खोल आहे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, ही ख्रिस्ती श्रद्धा. यहुद्याच्या दृष्टीनं देव माणूस होणं हे शमाच्या एकत्वात बसतच नाही. या मुद्द्यावर तडजोड नाही आणि ती कुणी मागूही नये.

पापाचं म्हणाल तर, आदामाच्या पापाचा कलंक प्रत्येक माणसात जन्मतःच असतो, असं ख्रिस्ती परंपरा, विशेषतः पाश्चात्त्य परंपरा, मानते. म्हणून तारणारा हवा. यहुदी परंपरा म्हणते, माणसात चांगली आणि वाईट अशा दोन्ही ओढी असतात. चुकलं तर मागे वळता येतं. या वळण्याला तशुवा म्हणतात. योम किप्पूर हा त्याचा दिवस. दुसऱ्या माणसाचा अपराध केला असेल तर आधी त्या माणसाची समजूत घालावी लागते. तोपर्यंत देवाकडची क्षमाही अडून राहते.

बाहेरच्या माणसाला सगळ्यांत जास्त गोंधळात टाकणारी गोष्ट मात्र दुसरीच आहे. ख्रिस्ती होता येतं ते श्रद्धेनं आणि बाप्तिस्म्यानं. यहुदी असणं हे आधी एका समाजाचं असणं आहे. देव न मानणारा यहुदीही परंपरेनं यहुदीच राहतो. तोरेतल्या ६१३ आज्ञा त्या समाजासाठी आहेत. बाकी जगासाठी नोहाचे सात नियम पुरेत, असं रब्बी सांगतात. म्हणून यहुदी कुणाच्या दारात धर्मांतरासाठी जात नाहीत. कुणी आपणहून आलाच तर पूर्ण विधीनंतर त्याचं हिब्रू नाव 'अमुक, अब्राहामाचा पुत्र' असं ठेवतात, म्हणजे तो त्या कुटुंबात दत्तक जातो. आज जगात यहुदी सुमारे १.५ कोटी आणि ख्रिस्ती २०० कोटींहून जास्त, या तफावतीमागे छळाइतकंच हेही कारण आहे.

वेगळं होणं फार सावकाश झालं

एका रात्रीत घर फुटलं नाही. इ.स. १३२ ते १३५ मध्ये बार कोखबाच्या नेतृत्वाखाली रोमविरुद्ध बंड झालं. रब्बी अकीवा यांनी त्याला मशीहा मानलं. येशूला मशीहा मानणाऱ्या यहुद्यांना हे पटणं शक्यच नव्हतं. बंड चिरडलं गेलं, यहुद्यांना यरुशलेममध्ये यायला बंदी झाली. दुसरीकडे इ.स. १४४ च्या सुमारास मार्सिओन नावाचा ख्रिस्ती शिक्षक रोममध्ये सांगू लागला की यहुद्यांचा देव वेगळा, आपला वेगळा, जुना ग्रंथ फेकून द्या. चर्चनं त्याला बाहेर काढलं. तो निर्णय फार मोलाचा होता, कारण त्यामुळेच हे नातं कायमचं तुटलं नाही.

सामान्य माणसं तर कितीतरी काळ दोन्हीकडे जात होती. इ.स. ३८६-८७ मध्ये अंत्युखियात योहान क्रिसोस्टोम या नामवंत धर्मोपदेशकानं यहुद्यांवर जळजळीत प्रवचनं दिली. ती वाचवत नाहीत. पण त्यांच्या रागाचं कारण काय होतं? त्यांच्या चर्चमधले लोक यहुदी सणांना सिनेगॉगमध्ये जात होते. ईस्टरची तारीख यहुदी वल्हांडणावर अवलंबून ठेवायची नाही, असं ३२५ च्या नायसिया परिषदेत ठरलं होतं, तरी लोकांच्या सवयी जात नव्हत्या.

या काळातला मला सगळ्यांत बोलका वाटणारा वाद म्हणजे याकोब आणि एसाव यांच्या गोष्टीवरचा. इसहाकाचे हे जुळे मुलगे. थोरल्याचा वारसा धाकट्या याकोबाकडे जातो आणि याकोबाचंच नाव पुढे 'इस्राएल' होतं. ख्रिस्ती धर्मपंडित म्हणाले, धाकटा तो आम्ही, आणि थोरला एसाव म्हणजे यहुदी. रब्बी म्हणाले, याकोब तर आम्ही आहोतच. एसाव म्हणजे रोम, आणि पुढे रोम ख्रिस्ती झाल्यावर एसाव म्हणजे ख्रिस्ती जग. दोघंही एकाच आईच्या पोटातल्या जुळ्यांची कथा सांगत होते.

एका भावाच्या हाती सत्ता आल्यावर

३१३ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइननं ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली आणि ३८० मध्ये तो साम्राज्याचा अधिकृत धर्म झाला. इथून पुढे भाऊबंदकी हा शब्दही अपुरा पडतो, कारण एकाच्या हातात कायदा आणि तलवार आली. संत ऑगस्टिन यांनी एक मर्यादा घातली : यहुद्यांना मारू नका, ते आपल्या ग्रंथाचे साक्षीदार आहेत. या विचारानं यहुदी युरोपात जिवंत राहिले, पण खालच्या पायरीवर.

१०९६ मध्ये पहिल्या धर्मयुद्धाला निघालेल्या जमावांनी वाटेत ऱ्हाईन नदीकाठच्या वर्म्स आणि माइंझ इथल्या यहुदी वस्त्या कापून काढल्या. ११४४ नंतर इंग्लंडमधल्या नॉर्विचहून एक भयंकर अफवा पसरली, की यहुदी ख्रिस्ती मुलांचा बळी देतात. १२१५ च्या चर्च परिषदेनं त्यांना वेगळा पोशाख सक्तीचा केला. १२४२ मध्ये पॅरिसला तालमूदच्या प्रती गाड्या भरभरून आणून जाळल्या. १२९० मध्ये इंग्लंडनं आणि १४९२ मध्ये स्पेननं त्यांना हाकललं. १४९७ मध्ये पोर्तुगालनं जबरदस्तीनं बाप्तिस्मा दिला.

ही आग आपल्या किनाऱ्यापर्यंत आली. गार्सिया द ओर्टा हा वैद्य १५३४ मध्ये गोव्याला आला. त्याचे आईवडील स्पेनमधून परागंदा झालेले यहुदी, पुढे सक्तीनं ख्रिस्ती केलेले. भारतातल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला, आणि युरोपला इथल्या वनौषधींची ओळख ज्या पुस्तकांनी करून दिली त्यांत तो अग्रणी मानला जातो. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, आलं होतं. ओर्टा १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारीनाला, लपूनछपून यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळलं. १५८० मध्ये ओर्टाची हाडं थडग्यातून उकरून काढली आणि जाळली. ख्रिस्तात यहुदी नाही आणि ग्रीक नाही, सगळे एक आहेत, असं पौल लिहून गेला होता. इथे बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाचं रक्त तपासलं जात होतं.

सुधारणावादी मार्टिन लुथर यांनी १५२३ मध्ये येशू जन्मानं यहुदी होता हे आठवण करून देणारं पुस्तक लिहिलं, आणि १५४३ मध्ये सिनेगॉग जाळा असं सांगणारं. नाझींनी ६० लाख यहुदी मारले ते वंशाच्या नावाखाली, धर्माच्या नावाखाली नाही, हे खरं. पण शेजारच्या घरातून यहुद्यांना नेत असताना इतके ख्रिस्ती गप्प का राहिले, याचं उत्तर शोधायला त्या आधीच्या हजार-दीड हजार वर्षांच्या शिकवणीकडे जावं लागतं.

जूल इझाक हे फ्रेंच यहुदी इतिहासकार. त्यांची पत्नी आणि मुलगी ऑशविट्झच्या नाझी छावणीत मारल्या गेल्या. लपून राहत असतानाच त्यांनी येशू आणि इस्राएल या विषयावर लेखन केलं आणि चर्चच्या शिकवणीत तिरस्कार कुठे शिरला हे ओळीओळीनं दाखवलं. जून १९६० मध्ये ते पोप तेविसावे जॉन यांना भेटले. या पोपनी आदल्याच वर्षी गुड फ्रायडेच्या प्रार्थनेतून यहुद्यांना उद्देशून असलेलं 'अविश्वासू' हे विशेषण काढून टाकलं होतं. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं जाहीर केलं, की येशूच्या मृत्यूचा दोष तेव्हाच्या सगळ्या यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर टाकता येणार नाही. मतदान २,२२१ विरुद्ध ८८. त्या मसुद्याला आधार होता तो पौलाच्या रोमकरांना लिहिलेल्या पत्राचा, त्याच जैतुनाच्या कलमाचा. १९८६ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल रोमच्या सिनेगॉगमध्ये गेले आणि यहुद्यांना 'आमचे थोरले भाऊ' म्हणाले.

कोकणातली गोष्ट

आपल्याकडे या नात्याला वेगळंच वळण मिळालं. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, त्यांचे आम्ही वंशज, असं बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुद्यांची, परंपरा सांगते. त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावानं नाव दिलं शनवार तेली. खवले नसलेला मासा ते खात नसत. ग्रंथ हरवले होते, हिब्रू विसरली होती, पण शमाची ओळ तोंडी उरली होती. मुंबईत १७९६ मध्ये त्यांचं पहिलं सिनेगॉग उभारणाऱ्या गृहस्थांचं नाव होतं सामाजी हसाजी दिवेकर.

कोचीनच्या यहुद्यांनी त्यांना विधी शिकवले. पण ग्रंथ त्यांच्या मराठीत आणून दिला तो ख्रिस्ती मिशनऱ्यांनी. अमेरिकन मराठी मिशननं कोकणात शाळा काढल्या, त्यांत बेने इस्रायली मुलं शिकली आणि त्यांच्यातले शिक्षकही झाले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. आपला ग्रंथ नीट वाचला की हे लोक येशूकडे येतील, अशी मिशनऱ्यांची आशा होती. बेने इस्रायलींनी हिब्रू शिकून घेतली, मराठीतली मोशेची पाच पुस्तकं वाचली, आणि मोजके अपवाद वगळता सगळे यहुदीच राहिले. पुढे त्यांनी मोशे आणि अब्राहामाच्या आख्यानांवर मराठी कीर्तनंसुद्धा केली.

या समाजाचा सगळ्यांत लाडका संदेष्टा एलियाहू हनाबी, म्हणजे एलीया. अलिबाग तालुक्यात खंडाळ्याजवळच्या एका खडकावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत अशी श्रद्धा आहे. लग्नकार्य असो, नवस फिटलेला असो, मलिद्याचं ताट त्याच्या नावानं मांडतात : गूळ-खोबरं घातलेले पोहे आणि भोवती फळं. चर्चमध्ये वाचलं जातं की एलीया योहानाच्या रूपानं येऊन गेला. मलिद्याच्या ताटाभोवती बसलेली माणसं त्याला अजून हाक मारतात.